भोपळ्याची वारी

वटपौर्णिमा झाली, पावसाची पहिली सर येऊन गेली आणि दिंडीतल्या बुवांची वीणा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आली. दर वर्षी येते. माऊलींचं प्रस्थान आठवड्यावर आलं की बुवा ती खोळीतून काढतात आणि तंबोरे करणाऱ्या मामूंच्या दुकानाच्या पायरीवर आणून ठेवतात. ही पायरी म्हणजेच आमचा कट्टा. त्या संध्याकाळी वीणा मामूंच्या मांडीवर आडवी होती. तारा सैल केलेल्या, त्या जिच्यावर टेकतात ती घोडी बाहेर काढलेली. शेजारी कानस, पॉलिश पेपर आणि दोऱ्याचं रीळ. तेवढ्यात सर आले आणि हातातला कागद उलगडत म्हणाले, "थांबा, सगळे थांबा. रविवारच्या भाषणाचं पहिलं वाक्य ऐका."

सरांना नको म्हणायची सोय नसते. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचलं, "प्रत्येक कलावंत हा एका अर्थानं वारकरीच असतो. तो स्वतःच्या आत चालत असतो. त्याला कुठंही पोचायचं नसतं. चालणं हीच त्याची पंढरी."

बंड्यानं टाळ्या वाजवल्या. बंड्याचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे, त्याला टाळ्यांची सवय. बुवा पानाला चुना लावत होते ते लावतच राहिले. मामूंनी घोडी उजेडाकडं धरली, एक डोळा मिटला आणि तसंच विचारलं, "पोचायचं नसतं, हे कुणी सांगितलं?"

"अहो मामू, रूपक आहे ते. एका अर्थानं..."

"बुवा, तुम्हाला पोचायचं नसतं?"

"पोचायचं नसतं तर एकादशीलाच कशाला गेलो असतो? सवडीनं श्रावणात गेलो असतो की. गर्दी पण कमी."

सरांनी कागदाची घडी घातली नाही, पण हात खाली घेतला. इथून जो वाद लागला तो चहाच्या तीन फेऱ्या आणि पावसाच्या दोन सरी पुरला. मला जेवढा आठवतो तेवढा लिहितो. मी मामूंच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सरांचं म्हणणं असं, की वारी आणि कला दोन्हींत महत्त्वाचा तो आतला प्रवास. बाहेरचं सगळं निमित्त. बुवा म्हणाले, "बाहेरचं निमित्त म्हनता? मग दिवेघाट एकदा चढून दाखवा."

"मी चढलोय दिवेघाट!"

"चढला की. घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरला, वर जाऊन फोटो काढला आनि संध्याकाळी पुण्यात मिसळ खाल्ली. सगळ्या गल्लीनं बघितला तो फोटो. पांढरा झब्बा, इस्त्री मोडली नव्हती."

सर म्हणाले, चालणं हे अंतरात मोजायचं नसतं. बंड्या म्हणाला, अंतरात नाही तर कशात मोजायचं, लिटरमध्ये?

मग बुवांनी मुक्काम मोजायला घेतले, आणि बुवा मुक्काम मोजायला लागले की मध्ये कुणी बोलत नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान. पुण्यात दोन रात्री. मग तीसेक किलोमीटरची मोठी मजल, तिच्यात दिवेघाट, आणि सासवड. जेजुरी, वाल्हे. नीरेत पादुकांना स्नान घालून लोणंद. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, मग तरडगाव. फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. वाखरीला सगळ्या पालख्या गोळा होतात आणि तिथून पंढरपूर. "तिथीचा क्षय झाला, वृद्धी झाली, तर एखाद्या गावी रात्र कमी-जास्त होती. पन वाल्ह्याच्या आधी लोनंद येत न्हाई. आनि एकादशी कुनासाठी थांबत न्हाई."

"बघा सर," मामू म्हणाले, "सारखेपणा शोधायचा असंल तर इथं शोधा. मुक्काम ठरलेले, क्रम ठरलेला, आणि मधला एक गाळला की पुढचे सगळे बिघडतात. आमच्या तंबोऱ्याचं तेच आहे. आतला प्रवास वगैरे मला कळत नाही. मला भोपळा कळतो."

आणि मामूंनी भोपळा सांगितला. हे इतक्या तपशिलात ते कधी सांगत नाहीत. सरांच्या त्या वाक्यानं त्यांना खरोखर लागलं असावं.

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो येतो भीमेकाठून, पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या पट्ट्यातून. भाजीचा नव्हे, कडू भोपळा. वेलीवरच पुरता पिकला पाहिजे, देठ वाळून काटकी झाली पाहिजे. घाई करून हिरवा तोडला की सुकताना आक्रसतो, साल सुरकुतते, नाहीतर आतून सडतो. चांगला पिकलेला भोपळा नखानं ओरखडला जात नाही आणि हलवला की आत बिया खुळखुळतात. इथं आल्यावर तो माळ्यावर जातो. महिनोन् महिने. वापरायच्या वेळी पाण्यात भिजवून नरम करायचा, तोंड कापायचं, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आणि पुन्हा सुकवताना तोंडाला आतून काठ्यांचा ताण द्यायचा, म्हणजे घेर गोल राहतो.

"या सुकण्यात कुणी घाई केली," मामू म्हणाले, "तर त्या दिवशी काही कळत नाही. भोपळा दांडीला जोडणारा गळा बसतो, तोंडावरची लाकडी तबली बसते, पॉलिश होतं, गिऱ्हाईक खुश होऊन घेऊन जातं. मग पहिल्या उन्हाळ्यात भोपळा आणखी सुकतो आणि लाकूड आहे तिथंच राहतं. सांध्याला केसाएवढी चीर पडते. कुठला मुक्काम गाळला होता ते तेव्हा कळतं."

"म्हणजे लोणंदला न थांबलेला माणूस फलटणला लंगडतो," मी म्हणालो.

"नवी चप्पल घालून निघालेला लोनंदलाच घरी," बुवा म्हणाले. "फलटन लांब ऱ्हायलं."

भोपळ्याच्या मापावर सगळं वाद्य ठरतं, हेही मला त्या दिवशीच नीट कळलं. दांडी आधी करून तिला शोभेल असा भोपळा शोधत बसत नाहीत. भोपळा समोर ठेवून त्याच्या घेराला साजेल असा गळा, तेवढ्या रुंदीची दांडी, तेवढी तबली. लाकूड तुणाचं. हलकं, वाजणारं, कोरायला मऊ. दांडी आतून पोकळ करतात, वरून पट्टी बसवतात. गळा आणि भोपळा सरसानं जोडायचा, आणि त्या सांध्यावर कोरलेली पानं चढवायची. लोकांना ती पानं नक्षी वाटतात. ती सांधा झाकतात आणि धरूनही ठेवतात. मग खुंट्या, वर तारा ओवायचं तारदान आणि त्या टेकायची अटी, खाली तारा बांधायचा लंगोट, घोडी, सूर केसभर हलवणारे मणी. शेवटी जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून आवाज खुलवणं. भोपळ्याचे सुकण्याचे महिने सोडले तरी हातचं काम दोन-तीन आठवड्यांचं, आणि ते एका हाताचं नसतं. कापणारा एक, कोरणारा दुसरा, पॉलिशवाला तिसरा.

बुवांना हे फार आवडलं. म्हणाले, सप्ताहात वीणा अशीच असते. सात दिवस खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. पहाटे तीनचा पहारा कुणाचा होता ते आठव्या दिवशी कुणी विचारत नाही.

"तंबोऱ्यावर दुकानाचं नाव असतं," मामू म्हणाले, "पानं कोरणाऱ्याचं नसतं."

सर लगेच सावरून बसले. "हेच! अहंकाराचा लोप! एका अर्थानं हेच तर मी..."

"थांबा. पानं कोरणाऱ्याला विचारा आधी, त्याला नाव नको आहे का. नसतं म्हणालो मी. नको असतं असं नाही म्हणालो."

मला वाटतं संध्याकाळचं सगळ्यात खरं वाक्य हे होतं. कलाकाराच्या निनावीपणाचं कौतुक करणारे बहुतेक लोक नाव असलेले असतात.

बंड्यानं विषय पैशावर नेला. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जी.आय., म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. त्याचं काय झालं? मामू म्हणाले, नावाला शिक्का मिळाला, चांगलंच झालं, दुसऱ्या कुणी मिरज म्हणून विकू नये. पण भीमेकाठचा शेतकरी उसाकडं वळला तर शिक्का कशावर मारणार? भोपळ्याचा वेल जागा अडवतो, महिनोन् महिने रानात राहतो, आणि शंभरातले सगळे तंबोऱ्याच्या मापाचे निघत नाहीत. ऊस कारखान्याला जातो, हिशेब संपला. बुवा म्हणाले, आमच्या भावकीतच बघा, नदीकाठी सगळा ऊस. मग पाचेक मिनिटं उसाची बिलं, पाणी आणि बुवांच्या चुलतभावानं सरकवलेला बांध, यावर चर्चा झाली. ती इथं लिहीत नाही. बांध अजून तिथंच आहे.

परत आणलं ते सरांनीच, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय दिलं पाहिजे. म्हणाले, "पण मामू, हे भारी आहे हो. भोपळा पंढरपुराकडून येतो, मिरजेत त्याची वीणा होते, आणि बुवांच्या गळ्यातून पुन्हा पंढरपुरात जातो. म्हणजे भोपळाच वारी करतो."

कुणीच चिडवलं नाही. बुवांनी वीणेच्या भोपळ्यावर हात ठेवला. "करतो की. माझ्यापेक्षा जास्त केल्यात त्यानं."

आणि त्यावरून एक गोष्ट निघाली ती कट्ट्यावर आधी कधी निघाली नव्हती. आज चालते त्या शिस्तीतली माऊलींची पालखी हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली सुरू केली. त्याआधी तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी काढली, तिच्यात ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्या पादुका एकत्र जात. हैबतबाबा शिंद्यांच्या चाकरीतले सरदार. दिंड्यांचे क्रमांक, कोण रथापुढं, कोण रथामागं, चोपदारानं दंड वर केला की हजारोंचा आवाज एका क्षणात बंद, ही सगळी फौजेची शिस्त. आणि मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सतारी-तंबोरे करायला लागले ते फरीदसाहेब मूळचे शिकलगार. तलवारी, भाल्यांना धार लावणारे. राज्यं गेली, हत्यारांचं काम संपलं, आणि धार लावणारा हात जवारीवर आला.

"दोघंही हत्यारवालेच की," बुवा म्हणाले. "एकानं वाट लावून दिली, दुसऱ्यानं सूर."

"म्हणून सांगतो," मामू म्हणाले, "वारी काय, तंबोरा काय, हळव्या माणसाचं काम नाही. दोन्ही गोष्टी शिस्तीच्या माणसांनी उभ्या केल्या. डोळ्यांत पाणी नंतर येतं, ऐकणाऱ्याच्या."

सरांनी हे वाक्य कागदाच्या मागं लिहून घेतलं. मामू म्हणाले, घ्या, पण माझं नाव घालून घ्या. पानं कोरणाऱ्यासारखं करू नका.

इथं बंड्यानं खिशातून मोबाइल काढला आणि अ‍ॅपवरचा तंबोरा लावला. काळी चार, पंचम. म्हणाला, "आता एक सांगा. पावसात हा उतरत नाही, उन्हात चिरत नाही, खुंटी सरकत नाही. मुंबईत एका खोलीत राहणारी पोरगी पाच फुटाचा तंबोरा कुठं ठेवणार? तिनं गाणं शिकायचं नाही?"

बंड्या बरोबर बोलत होता आणि मामूंनी ते मानलं. इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ पासून बाजारात आहे, तेव्हाही गल्ली बुडणार म्हणत होते. शिकणाऱ्याला चालेल, प्रवासात चालेल. "पण तू गाण्याआधीचा अर्धा तास काढून टाकलास. तंबोरा लावायला अर्धा तास जातो. आधी जोडीच्या दोन तारा एकमेकींना मिळवायच्या, मग खर्ज, मग पंचम. खुंटीनं जवळ आणायचं, मण्यानं शेवटचं केसभर. पंचम लावला की त्या ताणानं जोडी किंचित उतरते, परत यायचं. खर्जाची तार पितळेची, जाड, ती उशिरा स्थिर होते. या अर्ध्या तासात गाणारा बोलत नाही, नुसता ऐकतो. हा अर्धा तास म्हणजे दिवेघाट. अ‍ॅपवर बोट ठेवलं की घाट संपला. सरांसारखं, गाडीतून उतरून थेट वर."

"मला पुन्हा मध्ये आणू नका," सर म्हणाले.

तेवढ्यात मोबाइलमधल्या षड्जाला मध्येच तोडून एका बाईनं घराच्या कर्जाची जाहिरात सुरू केली. बंड्या बंद करायला बघतोय, बोट ओलं, स्क्रीन ऐकत नाही. बुवा हसून हसून खोकायला लागले. चहावाल्यानं टपरीवरून ओरडून व्याजाचा दर विचारला.

हसणं ओसरल्यावर सर हट्टानं मूळ मुद्द्यावर आले. जवारीचं काय? ती तर एका अर्थानं आत्म्याचीच...

"जवारी म्हणजे घोडीचा उतार," मामू म्हणाले.

आणि त्यांनी घोडी सरांच्या तळहातावर ठेवली. "माथा सपाट दिसतो? बोट फिरवा. दांडीच्या बाजूला किंचित उतरतो. तार एका टोकावर टेकली असती तर नुसता टण्ण वाजून थांबली असती. ही या उतारावर हलताना टेकते, सुटते, परत टेकते. त्यानं आस भरते, एका तारेतून वरचे सूर उमलतात. आता बुवांची वीणा वर्षभर वाजली. तार एकाच जागी घासून ही खाच पडली, दिसते? खाचेत तार बसली की तिला उतारच मिळत नाही. आवाज टोचतो. म्हणून सगळा माथा खाचेच्या तळापर्यंत खाली आणायचा आणि उतार नवा काढायचा. कानस एकाच दिशेनं. मग पॉलिश पेपर. मध्ये खड्डा राहिला तर पत्र्यासारखी भणभण. पुढं उंचवटा राहिला तर आवाज बंद. चारी तारांचा उतार वेगळा, कारण तारांची जाडी वेगळी. आणि दर वेळी घोडी थोडी बुटकी होते. फार झाली की पायाखाली पातळ चकती नाहीतर नवी घोडी."

"किती घासायचं ते कसं कळतं?"

"घासून, बसवून, तार चढवून, छेडून. परत काढून. दहा वेळा, पंधरा वेळा. शेवटच्या दोन हातांना सगळ्यात भीती. एक हात जास्त पडला की परत पहिल्यापासून."

"वाखरी," बुवा हळूच म्हणाले. "पंढरी पुढ्यात, आनि पायात गोळे तिथंच येत्यात."

मग मामूंनी, माझ्या मते, सरांचं सगळं भाषण एका जागी धरलं. म्हणाले, "पण सर, एक फरक लिहा. वारीत माणूस थकला तर टेम्पोत बसतो. पोचतो. त्याला कुणी परत पाठवत नाही. दर्शनबारीत उभं राहायची ताकद नसली तर मुखदर्शन घेतो, तेही नाही झालं तर लांबून कळसाला हात जोडतो आणि त्याची वारी पुरी होते. आमच्याकडं कळसदर्शन नाही. जवारी जवळजवळ झाली, असं नसतं. वाईट वारकरी कुणी नसतो. वाईट तंबोरा असतो."

सर गप्प झाले. आणि आश्चर्य म्हणजे मामूंना अडवलं ते बुवांनी.

"वाईट वारकरी नसतो, कुनी सांगितलं तुमाला? दिंडीत चाल धरलेली असती. टाळकऱ्यांची रांग एका पावलात. एक जन मध्येच आपली तान घेतो, पुढं पळतो, मागची रांग मोडती. मृदंगाचा हात चुकतो. वीनेकऱ्याला सूर धरून सगळ्यांना परत आनावं लागतं. पांडुरंग त्याला पदरात घेतो, ते त्याचं देवपन. पन दिंडीला तो माणूस वाईटच. समाजआरतीला चोपदार तक्रारी ऐकतात, त्या काय उगीच?"

मामू थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं. मान्य."

याआधी मामूंनी कट्ट्यावर 'मान्य' म्हटल्याचं मला आठवत नाही. बंड्यानं तारीख लिहून ठेवायला सांगितलं.

दर्ग्याचा विषय निघाल्याशिवाय मिरजेचा कुठलाही वाद पुरा होत नाही. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात गाणारे येतात, त्याला इथं कार्यक्रम म्हणत नाहीत. हजेरी म्हणतात. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथंच आहे. वाद्य दुरुस्त करण्यात खाँसाहेबांचा स्वतःचा हात चांगला होता, आणि ही गोष्ट गल्लीत त्यांच्या गाण्याइतक्याच अभिमानानं सांगतात. मामूंचं म्हणणं, सरांना एकच शब्द हवा असेल तर 'प्रवास' टाकून द्यावा आणि 'हजेरी' घ्यावा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, आहे तो सूर घेऊन उभं राहणं. त्या दिवशी आवाज लागतो की नाही, पाऊस आहे की नाही, हे नंतर.

"आणि परतवारी घ्या," बुवा म्हणाले. "परतवारीवर कुनी भाषन करत न्हाई."

खरं आहे. पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की पालखी परत निघते. जाताना लाखो, येताना मूठभर. बातम्या संपलेल्या, कॅमेरे गेलेले, आणि पादुका तर तशाच परत आणायच्या असतात. मामू म्हणाले, तंबोऱ्याची परतवारी मी रोज बघतो. विकला म्हणजे संपला असं नाही, काही वर्षांनी जवारीला परत दारात येतो. आला की कळतं कुणाच्या घरी कसा राहिला. भोपळ्याखाली चुंबळ ठेवायचे की थेट फरशीवर टेकवायचे. प्रवासात तारा सैल करायचे की तशाच ताणून न्यायचे. पावसात फुगलेली खुंटी जोर लावून पिळली की आधी साबण लावून फिरवली. उन्हाळ्यात सरकायला लागली तेव्हा खडू लावला की कागद कोंबला.

"चुंबळ तर तुळशीखाली पन असती," बुवा म्हणाले. "बायका वृंदावन डोक्यावर घेत्यात, त्याच्याखाली."

"आणि एक तंबोरा," मामू कुणाकडं न बघता म्हणाले, "परतवारीला आला तो भोपळ्याला बोटभर चीर घेऊन. खिडकीत, पश्चिमेच्या उन्हात उभा ठेवला होता. भाषणाला मागून नेला होता, मागं शोभेला."

सर ताठ झाले. "मामू, ती गोष्ट झाली त्याला सहा वर्षं झाली."

"सात. भुसा आणि सरस भरून बुजवली, आतून कापडाची पट्टी लावली. वाजतो अजून. पण खर्ज लावला की त्या जागी हात ठेवून बघतो मी."

"मी पैसे देत होतो. तुम्हीच नको म्हणालात!"

"पैसे नको म्हणालो. भाषणात चिरेबद्दल सांगा म्हणालो होतो."

बंड्या पायरीवरून घसरायचाच राहिला होता. सर म्हणाले, रविवारी नक्की सांगतो, आणि त्या वेळी ते मनापासून बोलत होते. मलाही वाटतं त्या कागदावरचं पहिलं वाक्य काढून ती चीर तिथं घालावी. भाषण निम्म्यानं चांगलं होईल.

एवढ्यात मामूंनी घोडी परत बसवली होती. तारा चढवल्या, ताणल्या. रिळाचा सुती दोरा तोडून प्रत्येक तारेखाली घोडीवर सरकवला. याला जीवा म्हणतात. दोरा केसभर पुढं, केसभर मागं. पहिल्या तारेला आवाज कोरडाच. दोरा हलला, अजून कोरडा. बंड्या काही बोलणार होता, बुवांनी दंड वर केल्यासारखा हात वर केला, आणि चोपदाराला मिळावी तशी शांतता झाली. टपरीवरचा स्टोव्ह तेवढा चालू. दोरा अजून एक केस सरकला आणि तार अचानक भरून वाजली. तिच्यातून वरचा गंधार इतका स्वच्छ आला, की बुवांनी पान तोंडातच धरून ठेवलं.

मामूंनी चारी तारा एकदा छेडल्या आणि वीणा बुवांकडं दिली. बुवांनी ती गळ्यात घातली आणि सवयीनं वाकून मामूंच्या पायाला हात लावला. मामूंनी तो वरच्या वर धरला आणि आपला हात बुवांच्या पायांकडं नेला. दोघं साठीच्या पुढचे. त्या वाकावाकीत वीणेची खुंटी सरांच्या चष्म्याला लागली आणि चष्मा गटाराच्या जाळीपर्यंत गेला.

"काच?" सर घाबरून म्हणाले.

बंड्यानं उचलून बघितला. "केसाएवढी चीर आहे. एका अर्थानं."

त्यानंतर बराच वेळ कुणाला बोलता आलं नाही. बुवा वीणा छातीशी धरून हसत होते, आणि हसण्यानं तारा आपोआप वाजत होत्या. प्लॅस्टिकची खोळ शोधेपर्यंत दुसरी सर आली. मामूंनी बजावलं, खोळ मुक्कामाला पोचल्यावर आधी काढायची, आत दमट राहिली की सांधा सुटतो, आणि लोणंदला एकदा खुंट्या बघायच्या. बुवा म्हणाले, बघतो. चहाचे पैसे सरांनी दिले.